कावळीच्या घरी

आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. उन्हं तापायला लागली की त्यावर रोज सकाळी कोकिळेचा आवाज येऊन पडतो. एक निवृत्त गृहस्थ गच्चीत फोन धरून उभे राहतात आणि ते कुहू-कुहू सगळ्यांच्या घरी पोचवतात. खाली हात जोडल्याची चित्रं, गुलाबाची फुलं, 'काय हा मधुर स्वर' आणि 'वसंताची राणी'. मागच्या वर्षी मला राहवलं नाही. मी लिहिलं की गातो तो नर असतो. मादीला गाता येत नाही, ती नुसती किंचाळते, आणि या दिवसांत तिला गाण्यापेक्षा महत्त्वाचं काम असतं. आपलं अंडं दुसरीच्या घरट्यात ठेवून सटकायचं. मग सेक्रेटरीच्या बायकोने मला वेगळा फोन करून विचारलं, "काकू, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम होती. हीच माणसं पितृपंधरवड्यात गच्चीवर ताट घेऊन काव-काव करत कावळ्याच्या विनवण्या करतात आणि बाकीचं वर्षभर त्याला हाकलतात, एवढंच मला म्हणायचं होतं. मला या विषयात बोलण्याचा अधिकार आहे. मी कावळीच्या घरी वाढले आहे.

कावळी म्हणजे माझी मामी. रंगाने नव्हे, आवाजाने. मामी बोलायला लागली की शेजारच्या तेलुगू विणकरांचे माग थांबल्यासारखे वाटायचे. पहाटेपासून चारी बाजूंनी त्या मागांचा खटखटाट चालू असायचा आणि त्याच्यावर मामीचा आवाज. "मंगल, ऊठ. इमल, तू तर आदी ऊठ." इमल म्हणजे मी. मामा एका चादरीच्या दुकानात गल्ल्यामागे बसत. गिऱ्हाइकाला चादरी उलगडून दाखवायच्या आणि पुन्हा घडी घालून ठेवायच्या यातच त्यांचा दिवस जायचा, त्यामुळे घरी आल्यावर ते तोंड उघडत नसत. मंगल ही त्यांची एकुलती मुलगी, माझ्याच वयाची, काटकुळी, जेवायला बसली की घास गालात धरून भिंतीकडे बघणारी. आणि बाहेरच्या खोलीत बाजेवर आप्पा. आप्पा म्हणजे मामांचे आणि माझ्या आईचे वडील. घर माळवदाचं, मातीच्या सपाट छपराचं, लहान, उन्हाळ्यातसुद्धा आत गार. चुलीपाशी ज्वारीच्या भाकऱ्यांचा खमंग वास आणि उखळात शेंगाची चटणी कांडल्याचा. ती चटणी कांडताना शेंगदाण्याला तेल सुटायचं, तिखट नाकात जायचं आणि आख्खं घर शिंकायचं. तसली चटणी मला परत कुठे मिळाली नाही. आता दुकानात पाकिटात मिळते ती शेंगदाण्याचा भुगा असते, पण ते असो.

मी त्या घरात कशी आले ते सांगायला हवं. करकंबपासून बरंच आत, उसातल्या वस्तीवर आमचं घर. तिथली शाळा चौथीपर्यंत. घरी खायला-प्यायला कमी नव्हतं, आम्ही भावंडंही कमी नव्हतो. माझ्या आईचा गळा अतिशय गोड. पंचक्रोशीत कुठे भजन असलं की आईला बोलावणं यायचं, आणि आईचा पाय घरात ठरायचा नाही. गळा सांभाळायचा तर पोरं कोण सांभाळणार? त्यावर आईने फार सोपा उपाय काढला होता. थोरला भाऊ माढ्याला आत्याकडे ठेवला. धाकट्या बहिणीला आईच्या एका मैत्रिणीने हौसेने नेलं, ती तिकडेच राहिली. उरलेल्यांत शाळेची हौस असलेली मी. एका दिवशी आई-वडील मला घेऊन सोलापूरला आले. वडील पुढच्या दाराने आत गेले आणि मोठमोठ्याने उसाच्या, पावसाच्या, कारखान्याच्या गोष्टी सांगायला लागले. मामी चहाला लागली. तेवढ्यात आईने मागच्या दाराने माझी पत्र्याची पेटी आत सरकवली, मंगलच्या अंथरुणाजवळ ठेवली, मला तिच्यावर बसवलं आणि "आले हां" म्हणून गेली. चहा संपेपर्यंत वडीलही गेले. मामी आत आली तेव्हा पेटीवर मी बसले होते. पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचलं की कोकीळ कावळ्यांच्या समोर मुद्दाम ओरडत जातो, कावळे त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात कोकिळा घरट्यात बसून काम उरकते. मला ते वाचून नवल वाटलं नाही. माझ्या वडिलांचा आवाजसुद्धा चांगला खणखणीत होता.

मामी मूर्ख नव्हती. तिने पहिल्या दिवसापासून तटबंदी सुरू केली. चटणीचा डबा फळीवरून शिंकाळ्यात गेला, आणि मी उंच झाले तसं शिंकाळंही उंच झालं. तव्यावरची फुगलेली भाकरी मंगलला, टोपल्यातली सकाळची मला. मंगलच्या ताटात तूप भाताच्या खाली लपवलेलं असायचं, वर ओतलं तर मला दिसेल म्हणून. मला ते वासावरून कळायचं. प्रत्येक घासाबरोबर एक टोमणा ठरलेला. "खा, तुज्या आईचं भजन चालू असंल आत्ता." "खा, तुज्या बापानं पोतं पाटवलंय न्हवं." पण टोमण्याने भूक मरत नाही. मंगल ताटात अर्धी भाकरी टाकून उठायची, मी ती अर्धीही संपवायची. मी वाढत गेले आणि मंगल होती तेवढीच राहिली. शेवटी असं झालं की माझे आखूड झालेले झगे मंगलला येऊ लागले. पोसायला आणलेल्या पोरीचे कपडे घरच्या लेकीने घालायचे, ही उलटी गंगा मामीच्या डोळ्यांत सलायची. तिने एकदा माझा झगा मंगलच्या अंगातून ओढून काढला आणि फाडून त्याची भांडी पुसायची फडकी केली.

परसात एक कडुलिंबाचं झाड होतं. त्यावर दर उन्हाळ्यात कावळ्याचं घरटं. काड्यांबरोबर तारांचे तुकडे, आणि मागांवरून उचललेलं रंगीत सूत. आमच्या भागातल्या कावळ्यांची घरटी चादरींच्या रंगांची असत. माळवदावर मामी कुरड्या आणि सांडगे वाळत घालायची, आम्ही दोघी राखण करायचो. त्यामुळे कावळे मामीचे जन्माचे वैरी. पण कोकिळा लिंबावर आली की मामी पक्ष बदलायची. ती ठिपक्याठिपक्यांची, तांबड्या डोळ्यांची चोरटी बाई फांदीआड बसलेली दिसली की मामी हातात येईल ते फेकायची, मातीचं ढेकूळ, वहाण, एकदा लाटणं. "आली बग भवानी. मेलीला सोताचं घर बांदायला काय झालं?" कावळीला यातलं काही कळायचं नाही. मामी माळवदाच्या कडेला गेली की कावळीला वाटायचं हीच बाई घरट्याला हात घालतेय. ती सरळ मामीच्या डोक्यावर झेप घ्यायची. मामी पदर डोक्यावर ओढून खाली बसायची, कावळी चोच मारत राहायची, आणि तेवढ्यात ती ठिपकेवाली घरट्यात जाऊन, बसून, उठून निघून गेलेली असायची. मी आणि मंगल हसून हसून सांडग्यांवर पडायचो. आपली बाजू घेणाऱ्याचंच टाळकं फोडायचं, हा गुण मी पुढे फक्त माणसांत पाहिला, तोही बहुतेक सोसायटीच्या वार्षिक सभेत.

ज्या वर्षाचं सांगते आहे, त्या उन्हाळ्यात आमचा सातवीचा निकाल लागला. मी पास झाले, मंगल नापास. मामी चुलीपुढे बसून होती, तिने निकाल ऐकला आणि काही बोलली नाही. मामीचं न बोलणं ही फार वाईट गोष्ट होती. दोन्ही वेळच्या भाकऱ्या तिने न बोलता केल्या. मग मामांना म्हणाली, आता पुरे झालं. माझ्या लेकीच्या वाट्याचं अन्न, वाट्याचं कौतुक, आणि आता वाट्याचं डोकंसुद्धा हिने खाल्लं. वन्संना निरोप धाडा, पोर घेऊन जावा. मामांनी नेहमीप्रमाणे चादर घडी करावी तसे हात गुडघ्यावर ठेवले. वस्तीवर परत जाणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. तिथे वडिलांनी माझ्यासाठी एक स्थळ बोलून ठेवलं होतं. मुलाला ट्रॅक्टर चालवता येतो, याखेरीज त्याच्याबद्दल कुणी काही सांगत नसे. मी पेटीवर जाऊन बसले आणि रडले. मला शाळा हवी होती, आणि खरं सांगायचं तर मला त्या घरातली भाकरीही हवी होती, टोमण्यासकट. बाहेरून आप्पा म्हणाले, "पोर हितंच शिकंल. मी हाय तवर कुणी बोलायचं न्हाय." मामीने उंबऱ्याशी येऊन त्यांच्या वाक्यातले मधले शब्द तेवढे उचलले, "तुमी हाय तवर." आणि ती आत गेली.

आप्पा आषाढात गेले. सकाळी चहा पिऊन पडले, परत उठले नाहीत. आई आली. दारातून आत येताना तिने जो टाहो फोडला, त्यात सूर होता, ताल होता, कडवी होती. आप्पांच्या लहानपणापासून सुरुवात करून ती त्यांच्या शेवटच्या चहापर्यंत आली. गल्लीतल्या बायका दारात गोळा झाल्या. तेलुगू शेजारणींना मराठी फारसं कळत नव्हतं, पण त्यांनीही डोळे पुसले. आप्पांची आजारपणं, घाण काढणं, अंघोळ घालणं हे सगळं केलेली मामी कोपऱ्यात भांडी घासत बसली होती. ती रडली नाही म्हणून तिच्याबद्दल लगेच कुजबुज झाली. मी मात्र आप्पांपेक्षा स्वतःसाठीच जास्त रडत होते. ते 'हाय तवर' आता संपलं होतं.

आमच्याकडे दहाव्याला बायकाही घाटावर जातात. गावाबाहेर तळ्याच्या काठाला जुनी बाभळीची झाडं आहेत, तिथे सगळे जमलो. मामांचं डोकं भादरलेलं, अंगावर पंचा. गुरुजींनी पिंड मांडले. शेजारी आप्पांच्या आवडीचं सगळं ठेवलं, भाकरी, शेंगाची चटणी, बुंदीचा लाडू, कपात चहा, विडीचं बंडल. मग सगळे मागे सरकून उभे राहिले. बाभळीवर कावळे भरपूर होते. पण एकही खाली येईना. ज्याच्या मनात काही राहिलं असेल त्याचा पिंड कावळा शिवत नाही, आणि मग जिवंतांनी मोठ्याने वचन द्यायचं, ही आमची रीत. मामा पुढे झाले, हात जोडून म्हणाले, आप्पा, गावाकडच्या शेतातला वाटा भावकीशी एकोप्याने कसू. कावळे हलले नाहीत. कुणी म्हणालं, विडी पेटवून ठेवा. पेटवून ठेवली. गुरुजी घड्याळ बघायला लागले. त्यांचं दुसरीकडे आणखी एक दहावं होतं. त्यांनी दर्भ हातात घेऊन त्याचा कावळा वळायला सुरुवात केली.

तेव्हा आई पुढे आली. पदर सावरून, गोड आवाजात, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणाली, "आप्पा, तुमचा जीव इमलमदी अडकलाय, ठाऊक हाय मला. बिनघोर जावा. माजी वैनी तिला पोटच्या पोरीवानी सांबाळंल." बायकांनी हुंदके दिले. वचन आईचं, पाळायचं मामीने. एवढी सफाईदार कोकिळा मी पुढेही पाहिली नाही. सगळ्यांनी माना वळवून मामीकडे बघितलं. भावकीतली एक म्हातारी म्हणाली, आता तूच बोल बाई, म्हाताऱ्याचा आत्मा अडकलाय. मामा जमिनीकडे बघत होते. मी मंगलचा हात धरून उभी होते. मामीने एक 'व्हय' म्हटलं असतं तर माझी शाळा वाचत होती. एवढ्या माणसांसमोर, पिंडासमोर ती नाही म्हणणार नाही असं मला वाटलं.

मामी पुढे गेली. पदरही सावरला नाही. तिच्या त्या फाटक्या आवाजात ती म्हणाली, "मामंजी, तुमच्याम्होरं खोटं बोलनार न्हाय. माज्याच्यानं व्हनार न्हाय. ज्याची पोर त्यानं बगावी."

आणि कावळा खाली आला. सरळ पिंडावर. एवढा वेळ ढिम्म बसलेला पक्षी जणू याच वाक्याची वाट बघत होता. "शिवला, शिवला," म्हणून माणसं हात जोडायला लागली. आप्पासुद्धा असे उलटले याचा मला राग आला, खुद्द आप्पांचा राग आला. आईचं तोंड उघडंच राहिलं होतं, पण ती लगेच सावरली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, माझ्याच बोलण्यावर शिवला, पोचायला जरा येळ लागला एवढंच. गुरुजींनी अर्धा वळलेला दर्भाचा कावळा पिशवीत टाकला. माणसं चपला शोधायला लागली. दहा दिवसांचं दुःख कावळ्याच्या एका चोचीने कसं आटोपतं, ते मी त्या दिवशी बघितलं.

कावळ्याकडे मग कुणी बघत नव्हतं. मी बघत होते, कारण मला दुसरीकडे बघवत नव्हतं. त्याने भाताचा घास चोचीत धरला, पण गिळला नाही. तो उडून बाभळीच्या खालच्या फांदीवर गेला. कावळा आणि कावळी दिसायला सारखेच, पण मी तिला कावळीच म्हणणार. फांदीवर दोन पिलं होती. एक तिचं, काळं, गप्प, अंग चोरून बसलेलं. दुसरं ठिपक्यांचं, पंख थरथरवत, लालभडक तोंड वासून किंचाळणारं. कावळीने तो आप्पांचा घास त्या ठिपक्यांच्या पिलाच्या तोंडात कोंबला. परत आली, लाडू उचलला, परत त्याच तोंडात. काळं पिलू वाट बघत राहिलं. मी मान वळवली तर मामीही तिकडेच बघत होती. आख्ख्या घाटावर आम्ही दोघीच. उन्हाळाभर लिंबाखाली घालवल्यामुळे ते पिलू कुणाचं हे सांगायची आम्हाला गरज नव्हती. मामीने कावळीकडे बघितलं, मग माझा हात धरलेल्या मंगलकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ती तिथूनच मला ढकलून देईल.

ती वळली आणि आईला म्हणाली, "वन्सं, थांबा." माणसंही थांबली. मामीने हाक मारली की थांबावंच लागायचं.

"ती कावळी खुळी हाय," मामी म्हणाली. "तिला कळत न्हाय कुणाचं प्वार त्ये. मी खुळी न्हाय. फसून मी एक घासबी घालनार न्हाय. घालीन तर कळून घालीन. तुमी हितं, ह्या समद्यांच्या म्होरं म्हना, की माज्याच्यानं ही प्वार पोसवत न्हाय, म्हनून मी ती तुमच्या दारात टाकली. तेवडं म्हना. म्हंजे इमल ऱ्हाईल, शिकंल. न्हायतर आजच्या गाडीनं घिऊन जावा."

आईने आधी हसून बघितलं. वैनी, काय हे, अशा वेळेला, असं गोड काहीतरी म्हणून झालं. मामांकडे बघितलं, मामा चादरीची घडी घालत होते, म्हणजे खांद्यावरच्या पंचाची. मग तिने रडून बघितलं, पण मामी सूर लागायच्या आत म्हणाली, "रडू नका, म्हना." माझ्या आईला मी त्याआधी कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडे बघायचं टाळत होती. शेवटी म्हणाली. मामीने सांगितले तेच शब्द, तुटक, सपाट, बाजारात भाजीचा भाव सांगावा तसे. "माज्याच्यानं पोसवत न्हाय. म्हनून टाकली." मला सगळं कळत होतं, इतकी वर्षं कळत होतं, तरी ते तिच्या तोंडून ऐकताना माझ्या छातीत काहीतरी मोडलं. त्याच वेळी मला शाळा मिळाली याचा आनंद झाला. दोन्ही एकदम झालं. पुस्तकांत लिहितात की कावळ्याला आपलं-परकं ओळखता येत नाही म्हणून तो फसतो. बरोबर असेल. मामीला येत होतं, आणि तिला तेवढंच हवं होतं, की तिला येतं हे सगळ्यांनी कबूल करावं.

मामीने घरी आल्यावर पिठलं टाकलं आणि भाकऱ्या थापायला बसली. पाहुण्यांच्या पंक्ती उठल्या. शेवटी आई एकटी पाटावर बसली, तिला संध्याकाळच्या एस्टीने जायचं होतं. मी नेहमी आई आली की तिच्या मांडीला मांडी लावून बसायची, तिच्या ताटात जेवायची. तिने सवयीने जराशी सरकून माझ्यासाठी जागा केली. मी बसले नाही. मामीने तव्यावरची भाकरी टोपल्यात टाकली, टोपलं माझ्याकडे सरकवलं, आणि मी ते उचलून आईसमोर वाकले. ताटात भाकरी वाढली. तिची अजून पहिली संपली नव्हती.

"घ्या की अजून," मी म्हणाले. "लाजू नका."

आईने मान वर केली. जन्मात मी तिला 'घे'च म्हटलं होतं, अहो-जाहो घरी आलेल्या पाहुणीला करतात. चुलीपाशी मामीचा हात पिठात थांबला. आईने ताटावर आडवा हात धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बास. पोट भरलं बाई."